तिकीट, स्टेटस आणि संघाचा हप्ता

बेळगावपासून बसने पाऊण तासावरचं एक गाव. नाव देत नाही, आणि माणसं ओळखता येतील असे तपशीलही बदलले आहेत. खालच्या आळीत मराठी घरं, वरच्या आळीत कन्नड, मधल्या गल्लीत दोन्ही. या मधल्या गल्लीतल्या बायकांचा बचत गट आहे. इथे त्याला सगळ्या जणी 'संघ' म्हणतात. आठवड्यातून एकदा अंगणवाडीच्या खोलीत बसायचं, बचत जमा करायची, हप्ते घ्यायचे, ठराव वहीवर सह्या करायच्या. बँकेचं कर्ज गटाच्या नावावर असल्यामुळे एकीचा हप्ता थकला की बाकीच्यांची पत जाते. संघ टिकण्यात जिव्हाळ्याइतकाच या व्यवहाराचाही वाटा आहे.

प्रकरण संघातल्या दोघींचं. एक कन्नड बोलणारी, नवरा सरकारी बसवर कंडक्टर. तिला सगळ्या 'अक्का' म्हणतात. दुसरी मराठी, चंदगड तालुक्यातून लग्न होऊन आलेली. तिला सगळ्या 'वैनी' म्हणतात, अक्कासुद्धा. दोघींची घरं समोरासमोर. अक्काला मराठी उत्तम येतं, वैनीला कन्नड कळतं पण बोलताना ती अडखळते. पंधरा-सोळा वर्षांत त्यांचं कधी वाजलं नव्हतं.

फेब्रुवारी 2025 च्या शेवटच्या आठवड्यात वाजलं. 21 तारखेला, म्हणजे नेमक्या मातृभाषा दिनी, बेळगाव तालुक्यात तिकिटावरून वाद होऊन एका कंडक्टरला मारहाण झाली. मराठी येत नाही म्हटल्यावरून मारलं, असा त्याचा आरोप होता. लगोलग चित्रदुर्गजवळ महाराष्ट्राच्या एसटीच्या चालकाला काळं फासलं गेलं आणि दोन्ही राज्यांमधल्या बस बंद पडल्या. सीमाभागात राहणाऱ्याला हे नवीन नाही. डिसेंबर 2022 मध्येही असंच झालं होतं. तेव्हा दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीला बोलावून, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत कुणी दावे करू नयेत असं ठरलं होतं. सीमाभागासाठी महाराष्ट्राने तिथे लावलेला खटला 2004 पासून पडून आहे.

गल्लीत काय झालं ते पुढे. अक्काचा नवरा त्या रविवारी गावच्याच फेरीवर होता. बस बाजाराला जाणाऱ्या बायकांनी भरलेली. कर्नाटकात 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत बायकांना फुकट प्रवास आहे, पण तो राज्यात राहणाऱ्यांनाच. ओळखपत्र दाखवायचं आणि शून्याचं तिकीट घ्यायचं. वैनीच्या आधार कार्डावर पत्ता अजून माहेरचा, म्हणजे महाराष्ट्रातला. (तो इतकी वर्षं का बदलला नाही, हे कुणी विचारलं नाही. सीमेवरच्या घरात कागद दोन्हीकडचे असतात.) अक्काच्या नवऱ्याने दीड वर्ष तिच्याकडे कार्ड मागितलंच नव्हतं. शेजारीण आहे, रोज दिसते, फाडलं शून्याचं तिकीट. त्या रविवारी मात्र त्याने मागितलं. "आधार तोरसरी." तिने हसून दाखवलं. त्याने पाहिलं, परत दिलं आणि मशीनमधून 28 रुपयांचं तिकीट काढलं. वैनी म्हणाली, "आजच कसं दिसलं महाराष्ट्र?" तो खाली मान घालून पुढच्या सीटकडे गेला. मागून कुणीतरी बोललं, "आता असंच करणार हे लोक." कोण बोललं ते आजवर कळलेलं नाही.

त्या संध्याकाळी वैनीच्या मुलाने व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस ठेवलं. वय एकोणीस, बेळगावात कॉलेजला. खाकी शर्टातल्या एका माणसाचं कुठून तरी उचललेलं चित्र आणि त्यावर 'मराठीला नडला की फोडला'. अक्काच्या फोनमध्ये त्याचा नंबर होता, बारावीच्या निकालाला तिनेच पेढे दिले होते. तिने स्टेटस पाहिलं. खाकी शर्ट तिच्या घरात दोरीवर वाळत होता.

ती भांडायला गेली नाही, बैठकीला येणंच बंद केलं. हप्ता कुणाच्या हातून पाठवेल म्हणून वाट पाहिली, तोही आला नाही. दुसऱ्या बैठकीत एकीने म्हटलं, हिला काढून टाका, बँकेला काय सांगायचं? आणखी एक म्हणाली, आपल्यातल्याच बायकांचा वेगळा संघ करूया. संघाची अध्यक्षा अंगणवाडीत मदतनीस आहे, दोन्ही भाषा सारख्याच सफाईने बोलते. तिने आम्हाला बोलावलं. आम्ही म्हणजे अहिंसक संवादाचं प्रशिक्षण घेतलेले दोघे: मी मराठी बाजूचा आणि माझी सहकारी धारवाडकडची, कन्नड बोलणारी. गावात बोलावणं आलं की दोघांनी मिळूनच जायचं, असा आमचा नियम आहे.

ही पद्धत मार्शल रोझेनबर्ग (1934–2015) या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने घडवली. ते लहान असताना घर डेट्रॉइटला गेलं आणि 1943 मध्ये तिथे वांशिक दंगल पेटली. 34 माणसं मेली. आठ वर्षांचा हा मुलगा तेव्हा घरात कोंडलेला होता. पुढे काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा एकत्र होत असताना त्यांनी तिथे काम केलं, 1984 मध्ये स्वतःचं केंद्र काढलं आणि नंतर रवांडा, बुरुंडी, श्रीलंका, क्रोएशिया, सर्बिया, इस्रायल, पॅलेस्टाईन अशा रक्त सांडलेल्या ठिकाणी जाऊन हे शिकवलं. पायऱ्या चार. काय दिसलं आणि ऐकलं, ते निकाल न देता सांगायचं. त्याने मनात काय झालं ते सांगायचं. त्यामागे आपली कुठली गरज होती ते ओळखायचं. आणि समोरच्याने आता नेमकं काय करावं, याची विनंती करायची. त्या विनंतीला 'नाही' ऐकायची तयारी नसेल, तर तो हुकूम झाला.

बेळगावात युद्ध नाही, हे आधी स्पष्ट करतो. लाठीमार झालेत, 1956 च्या जानेवारीत आणि 1986 च्या जूनमध्ये माणसं गोळीबारात मेली आहेत, हुतात्म्यांना दरवर्षी अभिवादन होतं. पण आमची गल्ली म्हणजे रवांडा नव्हे, आणि कुणी तशी तुलना केली की मला ती तिथल्या मेलेल्यांचा अपमान वाटते. तरी तिथे शिकवलं गेलेलं इथे उपयोगी पडतं, याचं कारण साधं आहे. जिथे माणूस तोंड उघडण्याआधीच त्याची बाजू ठरलेली असते, तिथे बोलण्याची अडचण सारखीच असते. उत्तर नायजेरियातल्या एका ख्रिस्ती-मुस्लिम वादाची गोष्ट रोझेनबर्ग सांगत. बाजारात माल मांडायला कुणाला किती जागा, इथून तो सुरू झाला होता आणि ते पोचेपर्यंत चारशे वस्तीतली शंभर माणसं मेली होती. सुरुवात अशाच एखाद्या तिकिटाएवढ्या गोष्टीने होते.

आम्ही गेलो त्या पहिल्या बैठकीला अक्का नव्हती आणि वैनीने तोंड उघडलं नाही. प्रशिक्षणात वापरतात ती जिराफ आणि कोल्ह्याची बाहुली माझ्या सहकारीने बाहेर काढली. बायका हसल्या, जिराफाला उंट म्हणाल्या आणि तो विषय तिथेच संपला. 'मला अमुक वाटतं कारण माझी तमुक गरज' हा साचाही टिकला नाही. एक म्हातारी म्हणाली, असं तर बँकेचा साहेब बोलतो. तेव्हा साचा सोडला आणि गोष्ट सांगितली.

बेथलेहेमजवळच्या देहेशे निर्वासित छावणीत रोझेनबर्ग बोलायला उभे राहिले होते. समोर मशिदीत दीडशेहून अधिक पॅलेस्टिनी पुरुष. हा अमेरिकी आहे म्हटल्यावर एक जण उठून ओरडला, खुनी! मग आणखी दहा-बारा जण ओरडले. रोझेनबर्गना छावणीकडे येताना वाटेत अश्रुधुराच्या नळकांड्या दिसल्या होत्या, त्यांच्यावर अमेरिकेत बनवल्याचा छाप होता. त्यांनी स्वतःचा बचाव केला नाही, मी तसा नाही असंही म्हटलं नाही. तुम्हाला राग आलाय तो माझ्या सरकारने पैसा दुसऱ्या कामाला लावावा म्हणून का, असं विचारलं. त्या माणसाच्या मुलांना गटार हवं होतं, घर हवं होतं. तो बराच वेळ बोलत राहिला, हे ऐकत राहिले. तासाभराने त्याच माणसाने त्यांना रमजानच्या जेवणाला घरी बोलावलं.

बायकांनी गोष्ट मन लावून ऐकली. मग बँकेच्या साहेबाबद्दल बोललेली तीच म्हातारी म्हणाली, "आणि ते धूर सोडणं थांबलं काय मग?"

नाही थांबलं. हे तिथल्या तिथे सांगावं लागलं, आणि पुढचं सगळं काम त्या प्रश्नाच्या सावलीत झालं. अहिंसक संवाद सीमाप्रश्न सोडवत नाही. महाजन आयोगाने 1967 मध्ये बेळगाव कर्नाटकाला आणि खानापूर, नंदगड, निपाणी महाराष्ट्राला सुचवलं, ते महाराष्ट्राने नाकारलं. पुढचा निर्णय न्यायालयात होईल किंवा होणार नाही. हे सगळं 'गरजा समजून घेतल्या' की विरघळतं असं जो सांगतो, तो एक तर भोळा आहे किंवा दुसऱ्या बाजूचा पगारी. आम्हाला त्या गल्लीत इतकंच करायचं होतं, की न्यायालयातला वाद दोन उंबरठ्यांमध्ये लढला जाऊ नये.

खरा वेळ गेला तो पहिल्या पायरीत. अध्यक्षेला धरून आम्ही दोघींना वेगवेगळं भेटलो. वैनीची हकीकत बसमधून सुरू होत होती: सगळ्यांसमोर कार्ड मागितलं, सगळ्यांसमोर पैसे घेतले. मुलाचं स्टेटस तिच्या हकिकतीत जवळजवळ नव्हतंच, "पोरं ठेवतात की" एवढंच. अक्काची हकीकत स्टेटसपासून सुरू होत होती आणि तिच्यात तिकीट नव्हतं. नवऱ्याने घरी सांगितलंच नव्हतं. तिच्या लेखी एका संध्याकाळी, काही कारण नसताना, समोरच्या घराने तिच्या माणसाला फोडायची धमकी दिली होती.

सीमाभागात हे मोठ्या पडद्यावर रोज चालतं. मराठी माणसाची गोष्ट बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं त्या 1 नोव्हेंबर 1956 पासून सुरू होते, कन्नड शेजाऱ्याची कुठल्या तरी काचा फुटलेल्या बसपासून. दोघेही खरं सांगत असतात आणि दोघांची गोष्ट आपण दुखावलो तिथून सुरू होते. म्हणून आमच्याकडे निरीक्षण म्हणजे विशेषणं गाळणं एवढंच नसतं. गोष्ट कुठून सांगायला लागायचं, हे दोघींनी मिळून ठरवणं हाच त्यातला मोठा भाग आहे. परदेशी पुस्तिकांत या पायरीला दोन पानं असतात. इथे मी तिला अर्धा अभ्यासक्रम देईन.

दोघी भेटल्या त्या अंगणवाडीत, मुलं घरी गेल्यावर. कुणाच्याच घरी नको, देवळातही नको, असं अक्काने सांगितलं होतं. अध्यक्षा मध्ये बसली. माझ्या सहकारीने एकच नियम घातला: आरोप नाही, आठवडा सांगायचा, शुक्रवारपासून, एकेक दिवस, एकदा हिने एकदा तिने.

शुक्रवारी रात्री टीव्हीवर बातमी. अक्का म्हणाली, त्या रात्री तिचा नवरा वस्तीच्या गाडीवर होता. वस्तीची गाडी म्हणजे रात्रीची शेवटची बस गावात मुक्कामाला थांबते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघतात. मुक्कामाचं गाव मराठी. एरवी कुणीतरी भाकरी-आमटी आणून देतं. त्या रात्री कुणी आलं नाही. घाबरून आलं नाही की रागाने, त्यांना कळलं नाही. दोघांनी बसचे दरवाजे आतून लावून घेतले आणि रात्रभर जागे राहिले. अक्का इकडे फोन हातात धरून बसली होती.

वैनी मध्येच म्हणाली, "मला काय ठाऊक ते वस्तीला होते म्हणून?"

"कसं ठाऊक असणार की," अक्का म्हणाली. "मी सांगितलंच नाही."

शनिवारी डेपोत सगळ्यांना बजावलं गेलं: वाद होईल असं काही करू नका, तिकिटं नियमाने फाडा. तपासणी पथकाने वाटेत गाडी अडवली आणि तिकिटं जुळली नाहीत तर मेमो वाहकाला मिळतो, शेजारणीला नाही. दीड वर्ष त्याने वैनीसाठी जे केलं, ते नियमाला सोडून होतं. हे वैनीला त्या खोलीत पहिल्यांदा समजलं. रविवारचं तिने स्वतः सांगितलं, आणि सांगताना 'सगळ्यांसमोर' हा शब्द पुन्हा पुन्हा आला. 28 रुपयांचं तिला काही नव्हतं. "एकदा बाजूला बोलवून सांगितलं असतं, वैनी, आजपासून जमायचं नाही, तर मी पैसे दिले असते की. वर चहा पाजला असता."

अक्का बराच वेळ गप्प होती. मग तिने कन्नडमध्ये काहीतरी विचारलं, मला नीट कळलं नाही. सहकारीने नंतर सांगितलं: पोराला हे सगळं तूच सांगितलंस का, असं. वैनीने मान हलवली. होय, घरी आल्याबरोबर, चपला काढायच्या आत.

विनंतीच्या पायरीला गंमत झाली. स्टेटस काढून टाक म्हणायची सोय नव्हती, कारण ते चोवीस तासांत आपोआप गेलेलं. त्याचा स्क्रीनशॉट मात्र वरच्या आळीतल्या पोरांच्या ग्रुपवर फिरत होता. तो काढणं वैनीच्या हातात नव्हतं. मग अक्काने मागितलं ते असं: रविवारचं तिकीट नियमाचं होतं, एवढं वैनीने संघात सगळ्यांसमोर सांगावं. वैनीने मागितलं, असं पुन्हा काही झालं तर आधी तिच्या दारात येऊन बोलावं, बैठक बंद करू नये. अक्का दुसऱ्याला हो म्हणाली. वैनी पहिल्याला लगेच हो म्हणाली नाही. आठवडाभर विचार केला आणि मग सांगितलं, तेही अर्धवट, हातातल्या पासबुकाकडे बघत. चाललं.

अक्काने थकलेले हप्ते एकदम भरले. वेगळ्या संघाची भाषा थांबली.

मुलगा या कशातच आला नाही. पुढे एकदा स्वतःहून बसस्टॉपवर मला गाठून म्हणाला, "तुम्ही आमच्या आईला गप्प बसायला शिकवूलालाय." मला हा आरोप महत्त्वाचा वाटतो. त्याचं म्हणणं असं: घरच्या जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, ग्रामपंचायतीची नोटीस कन्नडमध्ये, वडिलांना वाचता येत नाही, विचारायला गेलं तर कन्नड शिका म्हणतात. यात माझी कुठली 'गरज' तुम्ही ऐकणार? आणि ऐकून काय देणार?

त्याला शांत करायचा प्रयत्न मी केला नाही. त्याचा राग जागेवर होता, पत्ता चुकला होता. तिकीट फाडणारा माणूस उताऱ्याची भाषा ठरवत नाही. घटनेत 1956 च्या सातव्या दुरुस्तीने भाषिक अल्पसंख्याकांसाठी 350 अ आणि 350 ब ही कलमं आली. 15 टक्के किंवा अधिक लोक जी भाषा बोलतात, तिथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्याव्यात, असं राज्यांनी मान्य केलेलं जुनं धोरण आहे. त्याने अर्ज लिहायचं ठरवलं. पहिल्या मसुद्यात 'अन्याय' सात ठिकाणी होता. दुसऱ्यात नोटिशीची तारीख, तिचा विषय, ती किती घरांत कुणाला वाचता आली नाही आणि मराठी प्रत कधीपर्यंत मिळावी, एवढंच राहिलं. चार पायऱ्यांतल्या पहिल्या आणि शेवटच्या या दोन, मधलं त्याने त्याच्यापाशी ठेवलं. तहसीलदार कार्यालयाचा पोच शिक्का त्याने मला फोटो काढून पाठवला. उत्तर आलेलं नाही. अक्काची माफी त्याने मागितलेली नाही आणि तिनेही तो विषय काढलेला नाही. अक्काचा नवरा त्या फेरीवर असला की मुलगा पुढची बस पकडतो.

झळ आमच्यापर्यंतही आली. सहकारीला तिच्या नात्यातल्यांनी विचारलं, समितीवाल्यांच्या (म्हणजे बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या) गावात तुझं काय काम? मला एका जुन्या मित्राने विचारलं, कंडक्टरची बाजू घेतलीस म्हणे. दोन्ही प्रश्न एकाच आठवड्यात आले, त्यामुळे निदान तराजू कुठे झुकला नव्हता. गांधींनी काँग्रेसचं अध्यक्षपद आयुष्यात एकदाच भूषवलं ते बेळगावातच, डिसेंबर 1924 मध्ये. टिळकवाडीत तेव्हा खोदलेली काँग्रेस विहीर अजून आहे आणि शंभरीचे सोहळेही झाले. सोहळा करणं सोपं असतं.

1 नोव्हेंबरला एकाच दिवशी कन्नड लोकांची राज्योत्सवाची मिरवणूक आणि मराठी लोकांचा काळा दिन. पूर्वी या तारखेला बैठक आली की निम्म्या जणी येत नसत आणि का आल्या नाहीत यावर नंतर कुजबुज चाले. आता संघाने ठरवून त्या आठवड्यातली बैठक पुढे ढकलली. वैनीचा नवरा काळ्या दिनाच्या फेरीला गेला, अक्काच्या नवऱ्याच्या बसला पिवळा-लाल कन्नड झेंडा लागला. दोन्ही घरांनी ते पाहिलं, कुणी काही बोललं नाही. कुणी बोलावं अशी अपेक्षाही नव्हती.

सध्या संघात वाद वेगळाच आहे, ठराव वहीचा. बँकेला कन्नड लागतं म्हणून वही कन्नडमध्ये लिहिली जाते आणि मराठी बायका न वाचताच सही करत आल्या आहेत. वैनीने बैठकीत मांडलं: सहीआधी ठराव मराठीत वाचून दाखवावा. एकीने विचारलं, वाचणार कोण, अध्यक्षेला सगळंच कसं जमेल? अक्का म्हणाली, मी वाचते. दोन बैठका तिने वाचलं. तिसऱ्या वेळी कर्जाच्या व्याजाचा आकडा वाचताना एकीने अडवलं, कारण मागच्या खेपेला सांगितला होता त्यापेक्षा तो जास्त होता. चूक वहीत होती की बँकेत, हे शोधायला दोघी मिळून शाखेत जाणार आहेत. वैनीने आधार कार्डावरचा पत्ता अजून बदललेला नाही, तेव्हा तिकीट तिला काढावंच लागेल.